पारा ३४ वर, तरी माणूस आडवा का होतो? (कोकणातला उकाडा)

सड्यावरची
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) आमची हापूसची कलमं आहेत. एप्रिल-मेमध्ये काढणी भरात आली की घरात दुसरा विषय नसतो. मोबाइलवर तापमान बघावं तर ३३, फार तर ३४. विदर्भातले नातेवाईक फोनवर म्हणतात, "एवढ्याचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे ४४ आहे." पण परवा बागेत साडेअकराच्या सुमाराला एक गडी झेला (फळं काढायची जाळीची काठी) फांदीला तसाच अडकवून खाली बसला. शर्ट पिळला तर पाणी निघेल इतका ओला. नाव विचारलं तर भलतंच काहीतरी बोलायला लागला, तांब्या हातात धरवेना. सावलीत नेलं, डोक्यावर पाणी ओतलं, रिक्षा करून आरोग्य केंद्रात पोचवलं. आता बरा आहे.

सासऱ्यांचं म्हणणं, "उपाशीपोटी आला असणार. आम्ही जन्मभर उन्हातच काढणी केली." मला ते पटत नाही. हा माणूस दरवर्षी येतो, कामाला वाघ आहे.

म्हणून विचारते, तुमच्या भागात लोक काय करतात? घरगुती उपाय बास झाले, आता दवाखाना गाठायचा, हे कशावरून ओळखायचं? कामाच्या वेळा कुणी बदलल्या आहेत का? सरबतांच्या कृतीही द्या, पण नुसत्या तेवढ्यावर धागा संपवू नका.

खाडीकाठ
वाचतेय. आमच्याकडे रात्रीसुद्धा झाडाचं पान हलत नाही. झोपायच्या आधी आंघोळ करावी तर अंग पुसेपर्यंत परत घाम.

नागपूरची_लेक
माहेर नागपूर, सासर रत्नागिरी, त्यामुळे दोन्ही उन्हाळे अंगावर घेतलेत. नागपुरात दुपारी दारं-खिडक्या बंद करायच्या, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं, कूलर लावायचा, की खोली गार. लग्नानंतर हौसेने इकडे कूलर आणला. खोली गार झालीच नाही, उलट गाद्या दमट झाल्या. हवेत आधीच इतकं पाणी असतं की कूलरचं पाणी उडायला जागाच नसते. तिकडचे लोक हसतात तेव्हा मी त्यांना म्हणते, मे महिन्यात चार दिवस इकडे राहायला या, मग बोलू.

आगळवाला
कोकमाचं आगळ (खारवलेला रस), चिमूटभर जिरेपूड, मीठ, थोडी साखर आणि माठातलं पाणी. आमच्या तीन पिढ्या यावर उन्हाळा काढतात. फ्रिजचं पाणी नको, घसा धरतो.

तपासणी_खोली
किनारपट्टीवरच्या एका गावात माझा लहानसा दवाखाना आहे. दर उन्हाळ्यात असे रुग्ण बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावं लागतं. काम करताना स्नायूंतून खूप उष्णता तयार होते. ती बाहेर टाकायचे दोन मोठे मार्ग: त्वचेवरून हवेत जाणं आणि घामाचं बाष्पीभवन. त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवाच ३४ ची असेल तर पहिला मार्ग जवळपास बंद. उरतो घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. मात्र तो वाळला तरच. अंगावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम काहीच गार करत नाही, फक्त शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो. पावसाळ्यात घरात दोरीवर टाकलेले कपडे जसे वाळता वाळत नाहीत, तसंच आपल्या दमट हवेत घामाचं होतं. नागपूरची_लेक यांचा कूलर आणि सड्यावरची ताईंचा गडी, दोघांची अडचण एकच आहे.

आता ओळखायचं कसं. घामोळं, पायात-पोटात गोळे, डोकं जड, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं, पण माणूस नीट बोलतोय, त्याला सगळं कळतंय, तर तो उन्हाचा थकवा. काम थांबवा, सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना.

माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, तोल जाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. आतलं तापमान बहुधा ४० च्या वर गेलेलं असतं. "अंग कोरडं पडलं नाही, घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही" हा समज फार घातक आहे. श्रम करताना झालेल्या उष्माघातात घाम चालूच राहू शकतो. ताई, तुमचा गडी भलतंच बोलत होता ही धोक्याची खूण होती. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. विहिरीचं पाणी अंगभर ओता, पंखा, सूप, पुठ्ठा हाताला येईल त्याने जोरात वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा, जांघा. मोठं पिंप किंवा हौद जवळ असेल तर गळ्यापर्यंत पाण्यात बसवा, डोकं दोघांनी धरून ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत, कांद्याचा रस काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. पॅरासिटामॉल देऊ नका. तापावर ते चालतं, उष्माघातात त्याचा उपयोग नाही.

सड्यावरची
डॉक्टर, मनापासून आभार. आम्ही डोक्यावरच पाणी ओतलं होतं, अंगभर ओतायचं असतं हे आत्ता कळलं. बागेत लोखंडी पिंपं आहेत, फवारणीसाठी.

तपासणी_खोली
फवारणीचं पिंप नको. वेगळं ठेवा, त्यावर तसं लिहून.

वेधशाळेचा_नाद
नातेवाइकांच्या ४४ ला उत्तर द्यायचं तर हवामान खात्याचे निकषच बघा. मैदानी भागात कमाल तापमान ४० ला पोचल्याशिवाय उष्णतेची लाट मानत नाहीत. किनारपट्टीसाठी तोच आकडा ३७ आहे, शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं. म्हणजे किनाऱ्यावर कमी तापमानही बाधतं हे खात्यानेच धरलेलं आहे. लाट नसेल तेव्हाही 'उष्ण व दमट हवामान' असा इशारा येतो. तो पिवळा रंग लोक बघून सोडून देतात, तसं करू नका.

सावलीत ३४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर शरीराला जाणवणारी उष्णता ४२ च्या आसपास जाते. मोबाइलवर हे 'जाणवणारं तापमान' बहुतेक वेळा बाजूला बारीक अक्षरात असतं. काढणीच्या दिवसांत तोच आकडा बघा. आणि तोही सावलीतला. उन्हात, तापलेल्या कातळावर उभ्या माणसाला त्याहून जास्त सोसावं लागतं.

अजून एक. मार्चमध्ये कधी कधी जमिनीकडून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात आणि खारे वारे सुरू व्हायला दुपार उलटते. त्या दिवशी किनाऱ्यावरही पारा ३८-४० गाठतो. मुंबईत २८ मार्च १९५६ ला ४१.७ अंश नोंदले गेले होते. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्यात मार्च २०१७ मध्ये ४६ च्या वर आकडा गेला होता. मार्चचे असे दिवस जास्त फसवे, कारण थंडी नुकती संपलेली असते आणि शरीर उन्हाला सरावलेलं नसतं.

खाडीकाठ
आणि मार्चमध्येच शिमगा! भरदुपारी पालखी नाचवतात, ढोलवाल्यांच्या अंगावरचे सदरे मिठाने पांढरे झालेले असतात. गेल्या काही वर्षांपासून आमच्या वाडीत पालखी घरी आली की आधी नाचवणाऱ्यांना ताक, मग ओटी-आरती. बायकांनीच हा नियम केला, मानकऱ्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही.

गोठणीवरचो
आमच्याकडे सकाळी धा वाजता उकड्या तांदळाची पेज असता. मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड नायतर सुको बांगडो भाजून. आजी सांगी, पेज जेवल्याशिवाय बागेत पाय ठेवू नको. आता पोरां च्या आणि खारी खाऊन कामाक जातत आणि मगे चक्कर येता म्हणतत.

तपासणी_खोली
गोठणीवरचो, तुमच्या आजीला नमस्कार. पेजेत पाणी, मीठ आणि तांदळाचा स्टार्च, तिन्ही एकत्र. स्टार्चची आतड्यात साखर होते आणि त्या साखरेसोबत मीठ-पाणी लवकर शोषलं जातं. जलसंजीवनीचं (ओआरएसचं) तत्त्व तेच. तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी अतिसारावर वापरलीही गेली आहे.

आगळवाला, तुमच्या सरबतात मीठ आहे म्हणून ते चांगलं. पण आता बाजारात मिळणारं अमृत कोकम बहुतांशी साखरेचा पाक असतो. मधुमेहींनी आगळ आणि पाणीच घ्यावं. सोलकढी उत्तम, पण ती जेवणासोबतची वाटी. बागेत दिवसभर प्यायला आगळाचं पाणी किंवा ताक बरं. आणि माठातलं असो की फ्रिजचं, गार पाण्याने अपाय होत नाही.

आगळवाला
फ्रिजच्या पाण्याचं मला पटलेलं नाही, पण पाक घातलेल्या सरबताबद्दल शंभर टक्के सहमत. कोकमाच्या नावाखाली लाल रंग विकतात, जीव जळतो बघून.

चाकरमानी_६७
खिशात कांदा ठेवण्याबद्दल कोणीच बोललं नाही? आमचे काका टोपीखाली कांदा ठेवून गावभर फिरतात.

गोठणीवरचो
टोपयेखाली कांदो ठेवण्यापेक्षा पेजेबरोबर खावचो. पोटात तरी जायत.

तपासणी_खोली
खिशातल्या कांद्याने शरीराचं तापमान उतरत नाही. टोपी मात्र काकांनी जरूर घालावी. शक्यतो रुंद काठाची, नाहीतर ओला पंचा डोक्यावर आणि मानेवर.

चिरेखाण
आमच्या भागात आंब्याइतकाच मोठा धंदा जांभ्या दगडाचा. खाणीत काय असतं ते बाहेरून बघून कळत नाही. आठ-दहा मीटर खोल खड्डा, चारी बाजूंनी उभा लाल कातळ, वरून ऊन आणि वाऱ्याला वाटच नाही. चिरे कापायच्या मशीनची धूळ घामावर बसून अंगावर लाल थर चढतो. खाणीवर काम करणारी बरीचशी कुटुंबं कर्नाटकातून आलेली. राहायला खाणीच्या कडेलाच पत्र्याच्या खोपी. दिवसभर खड्ड्यात आणि रात्री तापलेल्या पत्र्याखाली, म्हणजे शरीराला सुटका कधीच नाही. कामाचे पैसे चिऱ्यामागे मिळतात, त्यामुळे कोणी थांबायला तयार नसतं. पाण्याचा एकच कॅन, तोही उन्हात ठेवलेला. मी खाणीवर हिशेब लिहायला होतो, तेव्हा दुपारी त्या कॅनला हात लावला तर चटका बसायचा. असं पाणी माणूस किती पिणार?

कामगारांच्या लघवीच्या तक्रारी कायमच्या. जळजळ, लाल लघवी, पाठ दुखणं. त्यावर मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणायची आणि परत खड्ड्यात उतरायचं.

तपासणी_खोली
चिरेखाण, तुम्ही लिहिलंत ते सर्वांत गंभीर आहे. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वाच्या ऊसतोड कामगारांत, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी तरुण वयात मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण फार मोठं आढळलं. रोज उन्हात कष्ट आणि रोज शरीरातलं पाणी कमी पडणं हे त्यामागचं महत्त्वाचं कारण मानलं जातं. तिथे पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टींवर काम सुरू झालं. शरीरात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो. खाणीवर ओळख असेल तर एवढं तरी सांगा: लघवी गर्द पिवळी, चहाच्या रंगाची दिसली की गोळी घेऊ नका, काम थांबवा, दवाखान्यात या.

खाडीकाठ
बंदरावर मासळी वाळवणाऱ्या बायकांचंही लिहायला हवं. जवळा, बांगडे वाळायला कडक ऊनच लागतं, म्हणजे ज्या वेळी घरात बसायचं त्याच वेळी त्यांचं काम. वाळूवर वाकून मासळी उलटायची, खाली वाळू तापलेली, वर ऊन. आणि पाणी पीत नाहीत. का, तर बंदरावर बायकांसाठी मोरी नाही. सकाळी घरून निघताना घोटभर प्यायचं ते दुपारी घरी परत आल्यावर. मी एकीला बाटली दिली तर म्हणाली, "नको गो, मग जाऊ कुठे?" उन्हाळ्यात पाणी प्या म्हणून फलक लावतात, त्याच्या शेजारी एक स्वच्छ मोरी बांधली तर त्या फलकाचा उपयोग होईल.

नागपूरची_लेक
खाडीकाठ, अगदी खरं. शाळेतल्या मुलीही याच कारणाने पाणी पीत नाहीत. लेकीची बाटली भरलेली गेली तशीच भरलेली परत यायची. पालक सभेत विषय काढला, स्वच्छतागृह दुरुस्त झालं, आणि बाटली रिकामी येऊ लागली.

जुना_जाणता
सगळं वाचलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आमच्या वडिलांनी अनवाणी सडा तुडवला, नांगर धरला, कोणी कोसळलं नाही. आताच्या पिढीला पंखा आणि एसीची सवय लागली, म्हणून शरीरं नाजूक झाली. सवय मोडली की त्रास होणारच. प्रत्येक गोष्टीला आजार म्हणू नका.

तपासणी_खोली
काका, सवयीचा मुद्दा बरोबर आहे. उन्हात काम करायची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्यात घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, घामातलं मीठ कमी होतं. म्हणूनच नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पाचवा हिस्साच द्यावा आणि रोज तेवढाच वाढवत न्यावा. उन्हाने मृत्यू होतात त्यांत कामाच्या पहिल्या काही दिवसांतलेच पुष्कळ असतात.

पण सवयीलाही मर्यादा आहे. हवा पूर्ण दमट असेल तर कितीही सरावलेल्या माणसाचा घाम वाळत नाही.

वेधशाळेचा_नाद
त्या मर्यादेचा आकडाही आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळून जे तापमान येतं ते ओल्या फुग्याचं तापमान. ते ३५ ला पोचलं तर निरोगी माणूसही सावलीत, पंख्याखाली काही तासांपलीकडे जगू शकत नाही, असं २०१० च्या एका संशोधनात मांडलं होतं. पुढे पेन्सिल्व्हानिया स्टेट विद्यापीठाने तरुण निरोगी लोकांवर प्रयोग केले. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत ही मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली, तेही हलकं काम करताना. आपल्याकडे मे महिन्यात ओल्या फुग्याचं तापमान २७-२८ सहज असतं. काका, तुमच्या वडिलांच्या काळापेक्षा हवा आणि समुद्र दोन्ही तापलेत.

खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यातली घटना आठवा. १६ एप्रिल २०२३, उघडं मैदान, डोक्यावर छप्पर नाही, हजारो माणसं तासन्‌तास बसलेली. १४ जण गेले. ते बहुतेक गावाकडचे, कष्टाची सवय असलेलेच लोक होते.

जुना_जाणता
खारघरला आमच्या गावातून गाडी गेली होती. त्या दिवसाबद्दल वाद घालणार नाही.

मात्र एक सांगतो. आमच्या वडिलांच्या वेळी नांगर पहाटे धरायचे आणि दहाला सोडायचे. दुपारी माणूस माजघरात आडवा, बैल सावलीला. घर कौलारू, भिंती मातीच्या, जमीन सारवलेली, खळ्यात मांडव. आता दुपारभर काम आणि रात्री स्लॅबखाली झोप.

खाडीकाठ
काका, सहमत!

पोटमाळा
घरांचा विषय निघाला म्हणून लिहितो, माझं कामच बांधकामाचं. मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, खाली माळा असला की दोन थर होतात. स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि रात्रभर खाली सोडतो. लोकांना वाटतं घर पक्कं झालं, पण झोप गेली. स्लॅब असेल तर पर्याय आहेत. पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग गच्चीवर द्या. अहमदाबादेत वस्त्यांमधल्या पत्र्यांवर असा पांढरा रंग दिला गेला आहे. आपल्याकडे अडचण पावसाची. चुना धुऊन जातो आणि शेवाळ येतं, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत नव्याने द्यावा लागतो. खर्च फार नाही. दुसरा उपाय, स्लॅबवर कौलांचं किंवा पत्र्याचं वेगळं छप्पर, मधे हवा खेळायला जागा सोडून. पावसाळ्याच्या गळतीसाठी अनेक जण ते करतातच, बाजू तेवढ्या बंद करू नका. तिसरा आणि सर्वांत स्वस्त, माडाची झापं (विणलेल्या झावळ्या). पत्र्यावर जाड थर अंथरून वर दोरी आवळली की खाली बसवतं. चुलीचा धूर आणि विजेची वायर जिथे असेल तिथे मात्र झापं नकोत.

चाकरमानी_६७
मे महिन्यात आम्ही मुंबईहून येतो आणि पोरं भर दुपारी किनाऱ्यावर पळतात. त्यात गावोगावी मळ्यात अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा. सकाळी नऊ ते सहा, मांडव फक्त पंच आणि पाहुण्यांना. आमच्या वाडीच्या मंडळाला यंदा सांगितलं, बारा ते साडेतीन सामने बंद. एक-दोघे कुरकुरले, पण विजेच्या दिव्यांत रात्रीचे सामने ठेवल्यावर गर्दी उलट वाढली. वडापावही जास्त खपले!

माझे वडील ७८ चे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. त्यांच्यासाठी काय काळजी घ्यावी?

तपासणी_खोली
उतारवयात तहान कमी लागते, त्यामुळे मागतील तेव्हा पाणी असं करू नका, घड्याळ बघून समोर पेला ठेवा. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढतात, काही हृदयाचा वेग बांधून ठेवतात. मानसिक आजारावरच्या आणि सर्दीवरच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, पण उन्हाळा लागताना डॉक्टरांना भेटून मात्रा तपासून घ्या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर मीठ-साखरेचं पाणीही विचारूनच. पंखा बिनधास्त लावा. कोरड्या प्रदेशात हवा ४० च्या वर गेली की पंखा गरम झळच अंगावर फेकतो, आपल्याकडच्या ३३-३५ अंशांत तो उपयोगीच आहे. अंगावर ओला पंचा टाकून पंख्याखाली बसलं की आणखी चांगलं. इन्शुलिन घेत असतील तर वीज गेल्यावर मडक्यात, ओल्या फडक्याने गुंडाळून ठेवा, पण बाटलीत पाणी शिरू देऊ नका.

कामावर असणाऱ्यांनी उलट चूकही करू नये. घामावाटे मीठ जात असताना नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, गोंधळल्यासारखं होतं. एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जलसंजीवनीचं पाकीट आणलं तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट. अर्धं आज, अर्धं उद्या असं नको.

सड्यावरची
सगळ्यांचं वाचून काढलं, सासऱ्यांनाही वाचून दाखवलं. जुना_जाणता काकांनी पहाटेच्या नांगराचं लिहिलंय त्यावर ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "हो, दहाला सोडायचे खरे."

पण त्यांना खरं पटवलं ते फळाने. हापूस भर उन्हात काढून तापलेल्या जमिनीवर ठेवला तर साका (गराचा आतला पांढरट, खराब भाग) जास्त होतो. फळ उन्हं चढायच्या आत किंवा चारनंतर काढावं आणि लगेच सावलीत न्यावं हे कृषी विद्यापीठवाले किती वर्षं सांगतायत. म्हणजे जी वेळ आंब्याला चांगली तीच माणसाला. आता ठरलंय असं: सहाला काम सुरू, साडेनऊला पेज, साडेदहाला झाडावरचं काम बंद. दुपारी जेवण आणि झोप. चारपासून पुन्हा अंधार पडेपर्यंत. पेट्या भरणं आणि प्रतवारी मांगरात (बागेतल्या शेडमध्ये), त्याच्या पत्र्यावर झापं घालतोय. मजुरी पूर्ण दिवसाचीच.

एक अडचण मात्र आहे. मुंबईची गाडी दुपारी दोनला भरायला लागते, त्यामुळे सकाळचा माल कमी पडेल अशी भीती आहे. आणि परवा कोसळलेला गडी आजच म्हणतोय, उद्यापासून झाडावर चढतो. घेऊ का?

कलमवाला
गाडीचं मी सांगतो, देवगडला आम्ही हेच केलं. आदल्या संध्याकाळचा माल रात्री मांगरात पसरून ठेवायचा, पहाटे प्रतवारी, आणि सकाळचा माल त्यात मिळवायचा. दोनच्या गाडीला पेट्या कमी पडत नाहीत. पहिले काही दिवस वेळापत्रक बसायला लागतात, मग गडीच आपणहून साडेपाचला हजर होतात. नूतन झेला घ्या, खालूनच देठासकट फळ निघतं, झाडावर चढणं अर्ध्याने कमी होतं. राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबाच्या खोपटीवरही झापं टाका, ते दिवसरात्र तिथेच असतात.

चिरेखाण
मजुरी पूर्ण ठेवलीत हे फार मोठं केलंत. खाणमालकांपैकी एकाला हा धागा पाठवलाय. चिऱ्यामागचा हिशेब बदलणार नाही म्हणतो, पण दुपारी बारा ते तीन मशीन बंद ठेवायला आणि खड्ड्यात कापडी सावली बांधायला तयार झालाय. कॅनला ओलं गोणपाट गुंडाळायला मी आजच सांगितलं.

तपासणी_खोली
ताई, त्याला उद्या घेऊ नका. भलतंच बोलण्यापर्यंत गेलेल्या माणसाने किमान आठवडाभर उन्हातलं कष्टाचं काम करू नये. यकृत, मूत्रपिंड आणि स्नायूंवर झालेला परिणाम रक्ताच्या तपासणीतच कळतो, ती करून घ्या. परत येईल तेव्हा आधी मांगरात बसून प्रतवारी द्या, मग थोडं थोडं झाडावरचं. एकदा उष्माघात झालेल्याला तो पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, तेव्हा या हंगामात त्याला एकट्याला बागेच्या लांबच्या टोकाला पाठवू नका, जोडीला कोणीतरी असू द्या. आणि आठवड्याची मजुरी बुडेल म्हणून तो घाई करत असेल, तर त्याचं आधी बघा.

सड्यावरची
तेच कारण आहे. सासरे आत्ताच त्याच्या घरी गेलेत, आठवड्याचे पैसे घेऊन. तपासणीला उद्या सकाळी नेते.